बावचीचे दोन रेणू

काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन ‘बावची द्या’ म्हटले, तर दुकानदार काळपट, चपट्या, मसुराएवढ्या बियांची पुडी बांधून देतो. बी चावले तर कडू लागते आणि वास उग्र येतो. हीच बावची गेली काही वर्षे एका वेगळ्या दुकानातही मिळू लागली आहे. तिथे ती ‘बाकुचिऑल’ या नावाने लहानशा बाटलीत असते आणि किंमत पुडीच्या कितीतरी पट. बाटलीवर लिहिलेले असते की सुरकुत्या कमी करणाऱ्या नेहमीच्या रेटिनॉलला हा नैसर्गिक, सौम्य पर्याय आहे. अकरावी-बारावीच्या मुलीसुद्धा आता या बाटल्यांची नावे घेतात, आणि काही घरांत ‘एवढे महाग कशाला, बावचीचे तेलच लावू की’ असाही विचार होतो. हा दुसरा विचार धोक्याचा आहे. तो का, हे कळायला या बीचा इतिहास पाहावा लागतो. तो इतिहास आपल्या वैद्यांपासून निघून कैरो, फिलाडेल्फिया असा फिरतो आणि मधे पुण्यातल्या पाषाण रस्त्यावरही थांबतो.

बावची हे शिंबावंत कुळातले, म्हणजे तूर-हरभऱ्याच्या नात्यातले झुडूप. साधारण कमरेएवढे वाढते, जांभळट लहान फुले येतात, शेंगेत एकच बी असते. पानांवर बारीक ठिपक्यांसारख्या ग्रंथी दिसतात. या ठिपक्यांमुळेच पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रात तिच्या प्रजातीला ‘सोरालिया’ म्हटले गेले; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खरजुल्या’. आता वनस्पतिशास्त्रज्ञ तिला ‘क्युलेन’ या प्रजातीत घालतात, पण जुने नाव औषधांच्या पुस्तकांतून जायला तयार नाही. संस्कृतात ती बाकुची, सोमराजी, अवल्गुजा.

आयुर्वेदात बाकुचीचा मुख्य उपयोग श्वित्रावर, म्हणजे कोडावर. (कोड हा संसर्गजन्य नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, हे वर्गात पुन्हा पुन्हा सांगावे लागते, म्हणून येथेही सांगतो.) औषध लावून किंवा पोटात देऊन रोग्याला उन्हात बसवायचे, अशी ती पद्धत. उन्हात बसवण्याचा भाग महत्त्वाचा आहे. नुसते औषध काही करत नाही आणि नुसते ऊनही करत नाही, दोन्ही एकत्र आले तर पांढऱ्या डागात कधीकधी रंग परत येतो, हे निरीक्षण फार जुने आहे. गंमत अशी की इजिप्तमध्येही असेच निरीक्षण झाले होते, आणि वनस्पती मात्र पूर्णपणे वेगळी. नाईलच्या खोऱ्यात उगवणारी ‘अम्मी माजुस’ ही गाजराच्या कुळातली. तिच्या बियांची पूड आणि ऊन हा तिथला कोडावरचा इलाज.

दोन दूरच्या कुळांतल्या वनस्पती एकच काम करतात, तर दोघींत एकाच जातीचे रसायन असावे, असा तर्क कोणीही रसायनशास्त्राचा विद्यार्थी करील. तो बरोबर निघाला. १९३३ साली जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले. त्याला सोरालेन म्हणतात. पुढे १९४०च्या दशकात कैरोचे त्वचारोगतज्ज्ञ अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी अम्मीतून मिळालेल्या त्याच कुटुंबातल्या शुद्ध द्रव्यांचे प्रयोग कोडाच्या रोग्यांवर केले आणि परंपरेतल्या इलाजाला आधुनिक वैद्यकात जागा मिळाली.

सोरालेनचा रेणू सपाट असतो, चपट्या पट्टीसारखा. तो पेशीतल्या डीएनएच्या दोन पायऱ्यांमध्ये सरकून बसतो. अंधारात तो काही करत नाही. पण लांब तरंगलांबीचे अतिनील किरण (यांना ‘अ’ अतिनील म्हणू) पडले की तो डीएनएमधल्या थायमिनला रासायनिक बंधाने चिकटतो. दोन्ही बाजूंनी चिकटला तर डीएनएचे दोन धागे एकमेकांना टाचले जातात. अशी पेशी विभाजित होऊ शकत नाही. ज्या रोगात त्वचेच्या पेशी बेसुमार वाढतात, त्या सोरायसिसमध्ये हे उपयोगी पडेल हे उघड आहे. १९७४ मध्ये पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबॉम आणि पाठक यांनी अमेरिकेत सोरालेन आणि ‘अ’ अतिनील किरण यांचा एकत्रित उपचार सोरायसिसवर यशस्वी करून दाखवला. ‘पुवा’ या आद्याक्षरी नावाने तो जगभरच्या रुग्णालयांत पोचला.

किंमतही लवकरच कळली. डीएनएची अशी टाचाटाच करत राहिले तर पेशींत बिघाड साचणारच. पुवा घेतलेल्या रोग्यांत त्वचेचा कर्करोग वाढतो, अशी निरीक्षणे १९७९ पासून छापून येऊ लागली. दीर्घकाळ उपचार घेणाऱ्यांच्या त्वचेवर काळे ठिपके, कोरडेपणा, सुरकुत्या दिसू लागल्या. थोडक्यात, त्वचा वयाआधी म्हातारी झाली. रोग भयंकर असेल तर डॉक्टर आणि रोगी मिळून ही किंमत मोजायची ठरवतात, आणि किरणांची मात्रा यंत्राने मोजून देतात. घरातल्या गच्चीवर असे मोजमाप होत नाही.

तर बावचीतला पहिला रेणू हा असा, उन्हाशी हातमिळवणी करून त्वचा जाळणारा. मग त्याच बीचे नाव तारुण्य टिकवणाऱ्या बाटलीवर कसे आले?

त्यासाठी पुण्याला यावे लागेल. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत साठच्या दशकात सुखदेव यांचा गट भारतीय वनस्पतींतली टर्पिन वर्गाची द्रव्ये शोधत होता. चीड, नागरमोथा, गुग्गुळ अशा आपल्या ओळखीच्या वनस्पतींचे तेल आणि राळ घ्यायची, त्यातला एकेक घटक वेगळा करायचा आणि त्याची रचना ठरवायची, हे काम अतिशय चिकाटीचे. या गटातले गोवर्धन मेहता (हे पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले) आणि उ. रामदास नायक यांनी सुखदेवांबरोबर १९६६ मध्ये बावचीच्या बियांतल्या एका नव्या द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. बाकुचीवरून त्याचे नाव ठेवले बाकुचिऑल. त्यात १८ कार्बन, २४ हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. एका टोकाला फिनॉलचे कडे आणि त्याला जोडलेली टर्पिनची फांदी, असे अर्धे-अर्धे रूप. निसर्गाने दोन वेगळ्या कारखान्यांतले सुटे भाग जोडून हा रेणू केला आहे, त्यामुळे रसायनशास्त्रज्ञांना त्याचे कुतूहल वाटले. सविस्तर निबंध १९७३ मध्ये आला. त्यात चेहरा, सुरकुत्या, तारुण्य यांचा संबंध नव्हता. विज्ञानाचे बरेच काम असेच चालते: एक रेणू सापडतो, रचना ठरते, नोंद होते आणि तो कपाटात पडून राहतो. बाकुचिऑल जवळजवळ चाळीस वर्षे पडून राहिला.

या चाळीस वर्षांत तिकडे ज्याला तो ‘पर्याय’ ठरणार होता, त्या पदार्थाची गोष्ट घडत होती. ही गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण जाहिरातीत तिच्यातले निम्मे कधीच येत नाही.

जीवनसत्त्व ‘अ’चा शोध १९१३चा. ते मिळाले नाही तर रातांधळेपणा येतो हे आपण पाचवीपासून शिकवतो. त्वचाही खरखरीत, जाड होते, हे तितकेसे शिकवत नाही. म्हणजे त्वचेच्या पेशींची वाढ नीट चालायला या जीवनसत्त्वाची गरज असते. पेशी रेटिनॉलचे दोन टप्प्यांत रेटिनॉइक आम्ल बनवतात आणि हे आम्ल थेट जनुकांच्या कामात हात घालते. १९६२ मध्ये जर्मनीत स्ट्युट्गेन यांनी हे आम्ल त्वचेवर लावून पाहिले. त्वचा फार भाजल्यासारखी झाली आणि विषय मागे पडला. तो पुढे नेला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी. १९६९ मध्ये त्यांनी मुरुमांवर या आम्लाचा गुण दाखवला आणि १९७१ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झाले.

क्लिगमन यांची प्रयोगशाळा कोठे होती? विद्यापीठात होतीच, पण फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातही होती. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७४ पर्यंत तिथल्या कैद्यांच्या अंगावर शेकडो पदार्थांचे प्रयोग झाले. पाठीवर चौकटी आखून मलमे, रसायने, अगदी डायॉक्सिनसुद्धा लावले गेले. कैद्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. थोड्या पैशांसाठी ते तयार होत. काय लावले जात आहे हे त्यांना नीट सांगितले जात नव्हते, आणि पुष्कळ जणांच्या अंगावर कायमचे व्रण राहिले. १९९८ मध्ये ॲलन हॉर्नब्लम यांच्या पुस्तकाने हे सगळे लोकांसमोर आणले. पेनसिल्व्हेनियाच्या वैद्यकीय विद्यालयाने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये माफी मागितली. क्लिगमन २०१० मध्ये वारले होते. औषध उपयोगी आहे, यात शंका नाही. पण ते कोणाच्या पाठीवर तपासले गेले हेही त्याच इतिहासात आहे, आणि ते गाळून तो शिकवता येईल असे आम्हाला वाटत नाही.

मुरुमांसाठी मलम लावणाऱ्या प्रौढ स्त्रिया सांगू लागल्या की चेहरा नितळ झाला, सुरकुत्या कमी दिसतात. क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये यावर निबंध लिहिला. १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ३० जणांवर १६ आठवडे एक नेटकी चाचणी केली. प्रत्येकाच्या एका हाताला औषधाचे मलम आणि दुसऱ्या हाताला तसेच दिसणारे साधे मलम. एकाच माणसाचे दोन हात! वय, खाणे, ऊन, अनुवंश सगळे सारखे. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय ते शिकवायला यापेक्षा सोपे उदाहरण सापडणार नाही. औषधाच्या हातावर फरक दिसला. पण त्याबरोबर बहुतेकांची त्वचा लाल झाली, सोलली, चुरचुरली. निकाल वर्तमानपत्रांत आला आणि अमेरिकेत या मलमाची मागणी एकदम उसळली. १९९५ मध्ये सरकारने बारीक सुरकुत्यांसाठी ते मंजूर केले, पण माहितीपत्रकात स्पष्ट लिहायला लावले की याने सुरकुत्या नाहीशा होत नाहीत आणि उन्हाने झालेली हानी भरून येत नाही. ही ओळ किती जणांनी वाचली असेल?

रेटिनॉइक आम्ल हे औषध, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारे. त्याचे सौम्य भावंड रेटिनॉल मात्र सौंदर्यप्रसाधनात घालता येत होते, म्हणून क्रीमचा बाजार रेटिनॉलकडे वळला. तेही चुरचुरते, उजेडात आणि हवेत खराब होते आणि गरोदरपणी वापरू नये असा सल्ला असतो, कारण या वर्गातली पोटात घेण्याची औषधे गर्भाला घातक असतात. २०२४ मध्ये युरोपीय संघाने चेहऱ्याच्या क्रीममधल्या रेटिनॉलवर ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली. जीवनसत्त्व ‘अ’ अन्नातूनही मिळते आणि एकूण मात्रा वाढू नये, हे त्यामागचे कारण. थोडक्यात, बाजाराला रेटिनॉलचा पर्याय हवाच होता.

बाकुचिऑल कपाटातून बाहेर आला तो २००७ मध्ये. अमेरिकेतल्या एका कंपनीने सोरालेन काढून टाकलेले शुद्ध बाकुचिऑल प्रसाधनांचा कच्चा माल म्हणून विकायला काढले. २०१४ मध्ये एक निबंध आला: बाकुचिऑलची रचना रेटिनॉलसारखी नाही, पण त्वचेच्या पेशींत तो ज्या जनुकांना जागे करतो, त्यांतली बरीच रेटिनॉलने जागी होणारीच आहेत. निबंधाच्या लेखकांपैकी एक माल विकणाऱ्या कंपनीतलाच होता. म्हणून निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण वाचताना पेन्सिल हातात असावी.

सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो २०१८ मध्ये ब्रिटनच्या त्वचारोग नियतकालिकात आलेल्या चाचणीचा. ४४ जण, १२ आठवडे. काहींना ०.५ टक्के बाकुचिऑल दिवसातून दोनदा, काहींना ०.५ टक्के रेटिनॉल दिवसातून एकदा. कोणाला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले आणि तपासणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते. दोन्ही गटांत सुरकुत्या आणि काळे डाग कमी झाले, आणि दोन गटांत फरक आढळला नाही. त्वचा सोलणे आणि चुरचुरणे रेटिनॉलच्या गटात जास्त. यावरून जाहिरात म्हणते: ‘रेटिनॉलइतकाच गुणकारी, सिद्ध झाले आहे.’

येथे थोडे बारकाईने पाहू. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘दोन्ही सारखे आहेत’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. दोन तुकड्यांत प्रत्येकी वीस-बावीस मुले घेऊन उंची मोजली आणि सरासरीत फरक सापडला नाही, तर दोन्ही तुकड्या सारख्याच उंच आहेत असे सिद्ध होत नाही. कदाचित फरक लहान आहे आणि मोजणीच्या गाळणीतून निसटला. तसेच या चाचणीत साधे मलम लावणारा तिसरा गट नव्हता. कोणतेही मलम सकाळ-संध्याकाळ लावले तर त्वचा ओलसर राहते आणि बारीक रेषा पुसट दिसतात. त्यातला किती वाटा बाकुचिऑलचा आणि किती नुसत्या मलमाचा, हे तिसऱ्या गटाशिवाय सांगता येत नाही. शिवाय एकाने दोनदा लावायचे आणि दुसऱ्याने एकदा, म्हणजे मात्राही सारखी नव्हती. चाचणी वाईट होती असे नाही. पहिले पाऊल म्हणून ती चांगली आहे. पण एवढ्या आधारावर गरोदर स्त्रियांनाही हे निर्धास्त चालते, असे जे सांगतात, त्यांना थांबवायला हवे. तितका अभ्यास झालेला नाही.

आता बावचीच्या तेलाकडे वळू. बाटलीतले बाकुचिऑल हा शुद्ध केलेला एक रेणू आहे. बियांच्या तेलात किंवा लेपात तो असतो, पण त्याच्या शेजारी सोरालेनही असते, आणि किती ते कोणी मोजलेले नसते. असे तेल चेहऱ्याला लावून कोणी सकाळी बसथांब्यावर उभे राहिले, तर त्याने नकळत मोजमाप नसलेला पुवा उपचारच घेतला. एक-दोन दिवसांत त्वचा लाल होते, फोड येतात, आणि ते बरे झाले तरी काळे डाग महिनोन्‌महिने राहू शकतात. पोटात घेतलेल्या बावचीने यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. ‘वनस्पतीचे आहे, अपाय काय होणार’ या वाक्याला बावची हे फार चांगले उत्तर आहे. आमचा रोख वैद्यांवर नाही. बाकुची शोधन करूनच वापरावी, असे आयुर्वेदातच सांगितले आहे. रोख आहे तो अर्धवट ऐकून केलेल्या घरगुती प्रयोगावर.

पण त्वचा म्हातारी होते ती मुळात कशाने? याचे उत्तर मिळवायला कोणतीही बाटली लागत नाही. घरातल्या आजीला दंडाची आतली, काखेजवळची बाजू दाखवायला सांगा आणि शेजारी मनगटाची बाहेरची बाजू ठेवा. दोन्हींचे वय एकच. आतली त्वचा मऊ, एकरंगी. बाहेरची जाड, ठिपक्यांची, सुरकुतलेली. उन्हात राबलेल्या शेतकऱ्याची मान आणि सदऱ्याखालची पाठ पाहिली तरी हेच दिसेल. वयाने त्वचा पातळ होते आणि थोडी सैल पडते, पण ज्याला आपण ‘म्हातारी त्वचा’ म्हणतो त्यातला मोठा भाग उन्हाचा आहे. अतिनील किरणांमुळे त्वचेतली काही विकरे जागी होतात आणि आधार देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे तोडतात. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, म्हणून ही झीज गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा दिसते, पण होतेच. आपल्याकडे ती आधी काळ्या डागांच्या रूपात दिसते.

यावरचा उपाय खरोखर चालतो का, याची नीट चाचणी ऑस्ट्रेलियात नॅम्बोर या गावी झाली. पंचावन्नपेक्षा कमी वयाच्या ९०३ जणांना चिठ्ठ्या टाकून गटांत विभागले. काहींनी उन्हापासून रक्षण करणारे मलम रोज लावायचे, काहींनी आपल्या मर्जीप्रमाणे. हाताच्या पाठीच्या त्वचेचे ठसे चाचणीच्या सुरुवातीला, १९९२ मध्ये, आणि साडेचार वर्षांनी घेतले. २०१३ मध्ये निकाल छापून आला: रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य २४ टक्के कमी. याच चाचणीत काहींना बीटा-कॅरोटिनच्या, म्हणजे शरीरात ज्याचे जीवनसत्त्व ‘अ’ होते त्या पदार्थाच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा एकूण परिणाम काही दिसला नाही. मलम नसेल तर छत्री, टोपी, ओढणी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा ही साधने आहेतच, आणि शाळेचे मैदानावरचे तास दुपारी बाराऐवजी सकाळी ठेवणे मुख्याध्यापकांच्या हातात असते.

खिडकीची काच मात्र पुरी पडत नाही. ती ‘ब’ प्रकारचे, त्वचा लाल करणारे अतिनील किरण बहुतांशी अडवते, पण ‘अ’ प्रकारचे बरेचसे आत येऊ देते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका माणसाचे छायाचित्र छापले गेले. त्याने २८ वर्षे माल पोचवणारा ट्रक चालवला होता. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेल अशी, आणि डावी बाजू, जिकडे खिडकी होती ती, खोल सुरकुत्यांनी वीस वर्षे म्हातारी वाटावी अशी. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. आपल्याकडे तो उजवीकडे बसतो, तेव्हा पुढच्या सहलीला एस.टी.च्या जुन्या चालकाशी गप्पा मारताना मुलांना त्यांचा उजवा आणि डावा हात शेजारी शेजारी पाहायला सांगता येईल. अर्थात, त्यांची परवानगी घेऊन.